डिक्लाइन, वेन, अबेट, फीबल, फ्रेल: आधी बघा, कमी काय होऊन राहिलं

काटोलहून नागपूरला एसएससीची, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेची तयारी करायला आलेल्या एका पोराने विचारलंय, की गाइडमध्ये डिक्लाइन, डिटेरिओरेट, ड्विन्डल, वेन, अबेट, सबसाइड या सगळ्यांसमोर एकच अर्थ दिलाय, 'कमी होणे'. आणि वीक, फीबल, फ्रेल, इन्फर्म, डेक्रेपिट या सगळ्यांसमोर 'कमजोर'. यादी पाठ झाली तरी पेपरात चारही ऑप्शन बरोबरच वाटतात आणि अंदाजाने टिक केलं की टिअर वनला, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या पेपरला, अर्धा मार्क कापला जातो. तर यांच्यात नेमका फरक काय आणि तो लक्षात कसा ठेवायचा.

सीताबर्डीला मी बरीच वर्षं इंग्लिश शिकवून राहिले आणि हा घोळ जवळपास प्रत्येक बॅचमध्ये असतो. पोरं अभ्यास करतात, खूप करतात, पण गाइडवाल्यांनी शब्दासमोर एक मराठी शब्द ठेवून दिलाय आणि खरी माहिती तिथेच गळून गेलीय. इंग्रजीत हे शब्द एकेकटे फिरत नाहीत, प्रत्येकाचं ठरलेलं नाम असतं. म्हणून शब्दाचा अर्थ काय हे विचारायच्या आधी विचार, कमी काय होऊन राहिलं? आकडा, दर्जा, ताकद, पाणी, ताप, सत्ता, की माणूस? हे कळलं की चारपैकी दोन-तीन ऑप्शन आपोआप गळतात.

तू काटोलचा आहेस म्हणजे संत्र्याची बाग तू पाहिलेली आहे, तिथूनच सुरू करू. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथले लोक बागेच्या ऱ्हासाला 'सिट्रस डिक्लाइन' म्हणतात, हा त्यांचा ठरलेला टेक्निकल शब्द आहे. होतं काय, भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं, फायटोप्थोरा नावाची बुरशी मुळाला लागली, खोडातून डिंक गळायचा डिंक्या रोग आला, की झाड एका दिवसात मरत नाही. पानं लहान पडतात, पिवळी पडतात, फांद्या शेंड्याकडून खाली वाळत येतात, त्याला 'डायबॅक' म्हणतात, फळं कमी लागतात, जी लागतात ती बारीक राहतात, असं करत करत काही वर्षांत झाड संपतं. या सगळ्या लांबलचक उताराला मिळून एक नाव द्यायचं तर ते डिक्लाइन. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कलणं, झुकणं असा होता, इन्क्लाइन आणि रिक्लाइन त्याचेच भाऊ. म्हणून डिक्लाइन म्हटलं की उतार डोळ्यासमोर आण, बहुतेक वेळा हळूहळूचा, आणि तो आकड्याचाही चालतो, दर्जाचाही चालतो, तब्येतीचाही चालतो. या गटातला सगळ्यात मोकळा शब्द हाच आहे.

आता त्याच बागेत बाकीचे शब्द बसवून बघ. बागेची स्थिती बिघडली तर ती डिटेरिओरेट झाली, कारण डिटेरिओरेट फक्त दर्जा किंवा अवस्थेसाठी येतो, मुळातच त्यात 'आणखी वाईट' असा अर्थ आहे. झाडांची संख्या डिटेरिओरेट झाली असं इंग्रजीत कोणी म्हणणार नाही, संख्या डिक्लाइन होते किंवा ड्विन्डल होते. ड्विन्डल म्हणजे थोडं थोडं कमी होत शेवटी नावालाच उरणं, पाचशे झाडांची बाग होती, मग तीनशे, मग सत्तर, मग विहिरीजवळची दहा. मे महिन्यात दुपारी पानं माना टाकतात आणि संध्याकाळी पाणी दिलं की पुन्हा उभी होतात, ते विल्ट. फांदी वाळून गेली आणि परत हिरवी होणारच नाही, ते विदर. तोडलेलं संत्र पडून पडून सालीला सुरकुत्या आल्या, ते श्रिव्हल. आणि खालच्या बाजूने सडायला लागलं तर रॉट किंवा डिके. एकाच बागेत सात-आठ शब्द झाले आणि एकाच्या जागी दुसरा टाकला की चित्र बदलतं, विल्ट म्हटलं तर झाडाला अजून आशा आहे, विदर म्हटलं तर नाही.

ड्विन्डलबद्दल एक गोष्ट सांगते कारण यात हुशार पोरंही चुकतात. गिधाडं कमी झाली हे तू पर्यावरणाच्या पुस्तकात वाचलं असशील. जनावरांना द्यायचं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध, ते दिलेली गुरं मेली की ते मांस खाऊन गिधाडांची किडनी फेल व्हायची, 1990 च्या दशकात हे सुरू झालं आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात 99 टक्क्यांहून जास्त घटली, 2006 मध्ये सरकारने जनावरांसाठी ते औषध बंद केलं. याला ड्विन्डल म्हणायचं का? मी नाही म्हणणार. ड्विन्डलमध्ये संथपणा आहे, इथे पंधरा-एक वर्षांत प्रजात संपत आली, म्हणून याला क्रॅश किंवा कोलॅप्स म्हणतात, आणि फार तर आधी विशेषण लावून 'स्टीप डिक्लाइन' किंवा 'कॅटॅस्ट्रॉफिक डिक्लाइन'. म्हणजे कमी काय झालं एवढं बघून भागत नाही, किती वेगाने झालं तेही बघावं लागतं. वेगाचे शब्द बिझनेसच्या पानावर भरपूर सापडतात. डिप म्हणजे जरासं खाली जाऊन परत वर येण्यासारखं, स्लाइड म्हणजे घसरत राहणं, स्लम्प म्हणजे धपकन पडून तिथेच बसून राहणं, प्लमेट म्हणजे सरळ दगडासारखं खाली. प्लमेट हे मुळात ओळंब्याच्या शिशाच्या वजनाचं नाव आहे, गवंडी दोरीला बांधून सोडतो ना, तेच, म्हणून ते तिरकं पडूच शकत नाही.

पैशाचा विषय निघाला तर हेही करून टाक. रुपया बाजारात घसरला तर तो डेप्रिशिएट झाला किंवा साधं वीकन झाला. सरकारने ठरवून त्याची किंमत उतरवली तर ते डिव्हॅल्युएशन, जसं 6 जून 1966 ला झालं, डॉलरचा भाव 4.76 वरून 7.50 रुपयांवर नेला, आणि मग जुलै 1991 मध्ये दोन टप्प्यांत. इकॉनॉमीच्या पेपरातही हा फरक विचारतात, एका अभ्यासात दोन कामं होतात.

आता पाण्याचे आणि त्रासाचे शब्द. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपुरात कोणी विसरलेलं नाही, रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोकांच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं, फ्रिज, गाद्या, पोरांची पुस्तकं सगळं गेलं. त्या सकाळची बातमी इंग्रजीत लिहायची तर पाऊस अबेट झाला, पाणी रिसीड झालं, आणि लोकांचा राग मात्र बरेच दिवस सबसाइड झाला नाही. अबेट हा नको असलेल्या गोष्टीसाठी आहे हे पक्कं धर, पाऊस, वादळ, ताप, गोंगाट, प्रदूषण. 1992 साली केंद्राने प्रदूषणाबद्दल धोरण आणलं त्याच्या नावातच 'अबेटमेंट ऑफ पोल्युशन' आहे. पगार अबेट झाला, उत्साह अबेट झाला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की उत्साह म्हणजे तुला डोकेदुखीच होती. रिसीड म्हणजे काठावरून मागे हटणं, म्हणून पुराचं पाणी रिसीड होतं आणि कपाळावरचे केसही. सबसाइड म्हणजे वर आलेलं खाली बसणं, सूज, ताप, राग, पाणी, आणि जमीनसुद्धा. जानेवारी 2023 मध्ये उत्तराखंडातल्या जोशीमठच्या बातम्यांत 'लँड सबसिडन्स' रोज यायचं, आपल्याकडे कोळसा खाणींच्या भागात जमीन खचते त्यालाही हाच शब्द आहे. सरकार देतं ती सबसिडी दिसायला जवळची वाटते पण तिचा अर्थ मदत, गल्लत करू नको.

वेन हा चंद्राचा शब्द. कृष्णपक्षात चंद्र रोज कलेकलेने झिजतो तो वेन होतो, शुक्लपक्षात वाढतो तो वॅक्स होतो, अँटोनिममध्ये, म्हणजे विरुद्धार्थी शब्दांत, वेनच्या समोर वॅक्स दिसलं तर दुसरीकडे बघायचं कामच नाही. चंद्रावरून हा शब्द सत्ता, प्रभाव, लोकप्रियता, इंटरेस्ट, आणि कोविडच्या काळात इम्युनिटी यांना लागला, म्हणजे ज्या गोष्टी हातात धरता येत नाहीत पण ज्यांचा तेज किंवा जोर जाणवतो त्यांना. टाकीतलं पाणी वेन होत नाही. एब हा ओहोटीचा शब्द, बाकी स्वभाव वेनसारखाच, मनोबल अगदी तळाला गेलं असेल तर 'ॲट अ लो एब'.

लॅप्स हा शब्द या यादीत काही गाइडवाले घालतात आणि तो इथे घालायला नको. आपल्या शहराचा इतिहासच त्यावर आहे, डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारस नसताना वारले आणि डलहौसीने 'डॉक्ट्रिन ऑफ लॅप्स' लावून नागपूरचं राज्य खालसा केलं. यात राज्य हळूहळू कमी झालं असं नाही, इंग्रजांच्या म्हणण्याप्रमाणे राज्याचा हक्कच संपला. एलआयसीचा हप्ता भरला नाही की पॉलिसी लॅप्स होते, तोच अर्थ.

उद्योग आणि इमारतींचे शब्द वेगळे ठेव. जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, पिढ्यान् पिढ्या घरं त्यावर चालली, आणि मग देशभरातल्या कापड गिरण्यांबरोबर तिचाही डिक्लाइन झाला. तोट्यातल्या कारखान्याला सरकारी इंग्रजीत 'सिक' म्हणायचे, 1985 चा कायदाच होता सिक इंडस्ट्रियल कंपनीज ॲक्ट, आणि पेपरवाले 'एलिंग' लिहितात. कंपनी एलिंग चालते, आजारी आजीही एलिंग चालते, पण पडकी भिंत एलिंग नसते. पडायला आलेली इमारत डिलॅपिडेटेड, त्यात लॅटिनमधला दगड आहे, लॅपिस, म्हणून हा बांधकामाचाच शब्द. मालकानेच सोडून दिलेली ओसाड जागा डेरेलिक्ट. टेबल-खुर्ची खिळखिळी असेल तर रिकेटी, मुडदूस म्हणजे रिकेट्स झालेल्या लेकराच्या पायांवरून आलाय तो.

इथून कमजोर गटाकडे येऊ, आणि या गटावर जास्त वेळ दे कारण यात अर्थासोबत बोलणाऱ्याची भावनाही मिसळलेली असते. वीक हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कोरा शब्द, चहा वीक, नेटवर्क वीक, मुद्दा वीक, पोरगा गणितात वीक, कोणालाही लावा, त्यात तिरस्कार नाही आणि दयाही नाही. म्हणूनच संविधानाच्या कलम 46 मध्ये 'वीकर सेक्शन्स' आहे आणि 2019 च्या 103 व्या दुरुस्तीतही 'इकॉनॉमिकली वीकर सेक्शन्स'. तिथे फीबल किंवा फ्रेल घालून वाचून बघ, लगेच कानाला खटकेल. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्येही समुद्रावरून आलेल्या डिप्रेशनचा, म्हणजे कमी दाबाच्या तीव्र क्षेत्राचा, जोर ओसरला की 'डिप्रेशन वीकन्ड' असंच येतं, आणि ते लोक हा शब्द बरोबर वापरतात.

फीबलमध्ये मात्र केविलवाणेपणा आहे. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाचा अर्थच होता रडावं असं, कीव यावी असं. म्हणून आवाज फीबल, नाडी फीबल, प्रयत्न फीबल, आणि सगळ्यात जास्त येणारं 'अ फीबल एक्सक्यूज', म्हणजे ऐकूनच कळतं की बहाणा आहे. कोणाच्या कामाला फीबल अटेम्प्ट म्हणशील तर तू त्याला कमी लेखलं हे समजून म्हण.

फ्रेल म्हणजे काटकुळं, वय झालेलं, जरा धक्का लागला तर पडेल असं शरीर, आणि बोलणाऱ्याच्या मनात काळजी आहे. नव्वदीची आजी काठी टेकत मतदानाला आली तर इंग्रजी पेपर तिला फ्रेल लिहील, फीबल लिहिणार नाही, आणि लिहिलं तर मला राग येईल. वयस्कर लोकांवर काम करणारे डॉक्टर 'फ्रेल्टी' हा शब्द मोजमापासाठी वापरतात, वजन घटणं, पकड ढिली होणं, चाल मंदावणं असं बघून. फ्रेल आणि फ्रॅजाइल दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आलेत पण कामं वाटून घेतलीत, फ्रेल माणसाला, आणि फ्रॅजाइल काचेला, शांततेला, आघाडी सरकारला, अर्थव्यवस्थेला. 2013 मध्ये मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन बँकेने भारत, ब्राझील, इंडोनेशिया, तुर्की आणि दक्षिण आफ्रिका यांना 'फ्रॅजाइल फाइव्ह' म्हटलं होतं, 'फ्रेल फाइव्ह' म्हटलं असतं तर पाच म्हातारे बाकावर बसलेत असं वाटलं असतं. ब्रिटल म्हणजे कडक आहे पण वाकत नाही, मोडतं, वाळलेला पापड, ऑस्टिओपोरोसिसमधली हाडं.

इन्फर्म हा शब्द तुला बोलण्यात फारसा मिळणार नाही, तो कागदावरचा आहे. लोकसेवा आयोगाच्या सदस्याला पदावरून काढायची जी कारणं कलम 317 मध्ये आहेत त्यात 'इन्फर्मिटी ऑफ माइंड ऑर बॉडी' आहे, आणि हे कलम यूपीएससीला लागू तसंच एमपीएससीलाही. म्हणजे वय किंवा आजारामुळे काम झेपेनासं होणं, कायद्याच्या भाषेत. हे एक वाक्य पॉलिटीत वाचलंच असशील, तिथूनच शब्द उचल. डेक्रेपिट म्हणजे जुनं होऊन मोडकळीला आलेलं, बसला, पुलाला, वाड्याला खुशाल लाव, पण माणसाला लावू नको, विशेषतः बँकेच्या डिस्क्रिप्टिव्ह पेपरात वृद्धांवर निबंध आला तर तिथे 'द एल्डरली' आणि फार तर फ्रेल, डेक्रेपिट लिहिलं तर तपासणाऱ्याला ते लागेल. फ्लिम्झी पातळ कापडाला आणि पातळ पुराव्याला, टेन्युअस ओढूनताणून जोडलेल्या संबंधाला, एवढं पुरे.

आता दुसऱ्याला कमजोर करणारी क्रियापदं. यात एनर्व्हेट हा सापळा आहे, एनर्जीसारखा ऐकू येतो म्हणून पोरं 'जोश देणे' टिक करतात आणि अर्थ बरोबर उलटा, अंगातलं त्राण काढून घेणं. मूळ शब्दात स्नायू काढून टाकण्याची कल्पना आहे. मे महिन्यात पारा 45 वर असताना दुपारी बर्डीवरून पायी गेल्यावर जे वाटतं, हातपाय उचलवत नाहीत, ती गर्मी एनर्व्हेटिंग. डेबिलिटेट आजाराला लाव, लांबलेला टायफॉइड डेबिलिटेट करतो. अंडरमाइन म्हणजे खालून पोखरणं, अधिकार, विश्वास, आत्मविश्वास. ॲटेन्युएट म्हणजे जोर कमी करणं, आणि हा शब्द तर जवळपास आपल्या सगळ्यांच्या अंगात टोचलेला आहे, बीसीजी ही लाइव्ह ॲटेन्युएटेड लस, जंतू जिवंत पण निर्बळ केलेला, आणि 1995 पासून पल्स पोलिओत लेकरांना पाजले तेही थेंब याच प्रकारचे, त्याच मोहिमेच्या जोरावर मार्च 2014 मध्ये भारताला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. ॲट्रोफी म्हणजे न वापरल्याने झिजणं, प्लास्टर काढल्यावर पाय बारीक दिसतो ना, ते. वापरलं नाही तर कौशल्यही ॲट्रोफी होतं.

व्याकरणाचं थोडं सांगते कारण एरर स्पॉटिंगला हेच येतं. डिक्लाइन, वेन, ड्विन्डल, डिटेरिओरेट हे आपले आपण होतात, यांना कर्म लागत नाही. सरकारने भाव डिक्लाइन केला असं होत नाही, तिथे रिड्यूस किंवा लोअर. आणि डिक्लाइनला कर्म लावलं की अर्थच बदलतो, ऑफर डिक्लाइन केली म्हणजे नम्रपणे नाकारली. वीकन आणि डिमिनिश दोन्हीकडे चालतात. कशात घट झाली तिथे 'डिक्लाइन इन', किती घट झाली तिथे क्रियापदासोबत 'बाय', आणि कुठवर आली तिथे 'टू'. फेल बाय टेन आणि फेल टू टेन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, डेटा इंटरप्रिटेशनमध्ये यावरच गणित चुकतं.

पेपरात नुसता शब्द दिला आणि चार ऑप्शन असले तर काय करायचं ते आता तुला दिसेल. समज शब्द आहे अबेट आणि ऑप्शन डिके, सबसाइड, विदर, लॅप्स. अबेट कशाला लागतो, वादळ, ताप, राग. डिके ताप होतो का, नाही, विदर वादळ होतं का, नाही, लॅप्स तर हक्काचा. उरलं सबसाइड. फीबलसमोर फ्रॅजाइल, फ्रेल, फिकल, फ्लिम्झी असे चारही फ वाले ऑप्शन मुद्दाम देतात, फिकल म्हणजे चंचल, तो आधी काढ, फ्रॅजाइल काचेचा, फ्लिम्झी कापडाचा, फीबल आणि फ्रेल दोघं माणसाच्या शरीराला लागतात म्हणून उत्तर फ्रेल. भावना जुळत नाही तरी नाम जुळतं, आणि परीक्षेत दिलेल्या चारांतला सगळ्यात जवळचा निवडायचा असतो. अँटोनिमसाठी अबेट–इन्टेन्सिफाय, फीबल–रोबस्ट, डिटेरिओरेट–इम्प्रूव्ह, एनर्व्हेट–इन्व्हिगोरेट एवढ्या जोड्या तोंडपाठ ठेव.

आणि गाइडची यादी आता बाजूला ठेव. एक वही कर, शब्दासमोर मराठी अर्थ लिहू नको, त्याचं नाम लिही आणि एक छापून आलेलं वाक्य उतरवून काढ. आपल्या नागपुरात 1911 पासून द हितवाद निघतो, तो घे, बाजाराच्या बातमीत स्लम्प आणि डिप मिळतील, हवामानात वीकन आणि अबेट, महापालिकेच्या बातम्यांत डिलॅपिडेटेड, श्रद्धांजलीत फ्रेल आणि एलिंग. दिवसाला चार-पाच शब्द पुरेत, पण रविवारी मागचे सगळे नाम झाकून एकदा बघ. सुरुवात डिक्लाइन, अबेट, वेन, फ्रेल या चारांपासून कर, प्रत्येकाची तीन वाक्यं तुझ्या काटोलच्या घरच्या, बागेच्या गोष्टींवर लिहून पाठव, मी तपासून देते.